पानातलं पिष्ट फोडतं कोण?

दिवसभर उन्हात राहिलेलं पान संध्याकाळी तोडून, गरम अल्कोहोलमध्ये त्याचा हिरवा रंग उतरवून वर आयोडीन टाकलं, की ते निळंकाळं होतं. त्याच झाडाचं पहाटे तोडलेलं पान बहुधा पिवळट राहतं. दिवसा साठलेलं पिष्ट, म्हणजे स्टार्च, रात्रीतून झाडाने वापरलेलं असतं. ते फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, नेमकं कोणतं?

मोड आलेल्या जवातलं असं विकर पेयां आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३३ मध्येच वेगळं काढलं होतं. मोडात ते भरपूर असतं. पानाचं तसं नाही. पानाच्या रसात विरघळलेल्या प्रथिनांपैकी निम्मी एकट्या रुबिस्कोची असू शकतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड धरणारं हे विकर. शिवाय पान वाटलं की रस काळवंडू लागतो आणि हवं ते विकर निकामी होण्याची भीती असते. म्हणून पालकाची किंवा वाटाण्याची पानं थंडगार द्रावणात वाटतात. गाळलेल्या रसात अमोनियम सल्फेट मिसळून प्रथिनं तळाशी बसवतात, मग ती एकामागून एक स्तंभांतून सोडून वेगळी करतात.

अशा विकरांच्या तुलनेची एक पद्धत तर पाहत राहावी अशी आहे. पिष्ट मिसळलेल्या जेलमध्ये विजेच्या प्रवाहाने प्रथिनं सरकवायची आणि ते जेल आयोडीनमध्ये बुडवायचं. सगळं निळं होतं. जिथे पिष्ट फुटलं तिथे फिकट पट्टे उमटतात. या विकरांपैकी अल्फा-अमायलेज पिष्टाची साखळी मधूनच कुठेही तोडतं आणि त्याला कॅल्शियम लागतं. बीटा-अमायलेज टोकाकडून ग्लुकोजच्या जोड्या, म्हणजे माल्टोज, सुट्या करत जातं.

पण रसात जे जोरकस, तेच रात्रीचं काम करतं असं मानणं चुकीचं ठरलं. लिन, स्पिलाट्रो आणि प्राइस यांनी १९८८ मध्ये अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाच्या पेशी हलकेच फोडून हरितलवकं, म्हणजे पेशीतले हिरवे कप्पे, वेगळी केली. पिष्ट हरितलवकात, तर बहुतेक बीटा-अमायलेज त्याच्या बाहेर! पुढे २००१ मध्ये, हे बाहेरचं मुख्य विकर नसलेली रोपंही पिष्ट व्यवस्थित वापरतात, असं दिसलं. २००२ मध्ये बटाट्याच्या झाडात हरितलवकातलं बीटा-अमायलेज कमी केलं, तेव्हा मात्र पानात पिष्ट साचून राहिलं. वाटून केलेल्या रसात आतलं-बाहेरचं एक होतं, हीच त्या पद्धतीची मोठी उणीव.

अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये बीटा-अमायलेजची नऊ जनुकं आहेत. त्यांपैकी चौथ्याचं प्रथिन पिष्ट तोडताना कधी आढळलं नाही. तरीही ते नसलेल्या रोपांत पिष्ट नीट फुटत नाही, हे २००८ मध्ये सिद्ध झालं.