सेवा करणारीचा आरोग्यविमा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या मंडळात रुग्णालयात काम करणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. कोणी परिचारिका आहे, कोणी आया, तर कोणी रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत. ज्यांचा दिवस दुसऱ्याच्या उशाशी जातो, त्या स्वतःच अंथरुणाला खिळल्या तर त्यांचे बिल कोण भरणार, हा माझा आजचा विषय आहे.

'आमच्या इस्पितळात आम्हांला सवलत मिळतेच, मग विमा कशाला?' असे मी अनेकींच्या तोंडून ऐकले आहे. पण सवलत चालकांच्या मर्जीवर असते आणि त्या एका इमारतीपुरतीच असते. हृदयाची शस्त्रक्रिया तेथे होत नसेल, तर ती सवलत काय कामाची?

तेव्हा पहिले काम हे की, आपल्याला आधीपासून काय लागू आहे ते पाहावे. पगारपत्रकात 'ईएसआय' अशी कपात दिसते का? ही राज्य कामगार विमा योजना १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. २०१७ साली तिची पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये झाली. २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. एवढ्याशा रकमेत स्वतःचा व अवलंबून असलेल्या कुटुंबीयांचा औषधोपचार होतो. शिवाय अटी पुऱ्या होत असतील, तर आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के वेतन आणि बाळंतपणात २६ आठवड्यांचे वेतन मिळते. क्षयासारख्या दीर्घ आजारात वाढीव मदतीचीही तरतूद आहे. क्षयाच्या रुग्णांत वावरणाऱ्या परिचारिकेला हिचे मोल मी सांगायला नको. आजारपणातील बुडालेला पगार साध्या आरोग्यविम्यातून मिळत नाही. म्हणून 'तिथे रांग फार' म्हणून हे कार्ड पेटीत टाकून देऊ नका.

पगार मर्यादेच्या वर गेला की ही योजना सुटते. मात्र चालू सहामाही संपेपर्यंत ती राहते. तेवढ्या अवधीत दुसरी सोय करून ठेवावी.

दुसरा प्रकार म्हणजे रुग्णालयाने सर्व नोकरवर्गासाठी घेतलेली सामुदायिक पॉलिसी. ती चांगली असते. तिच्यात जुने दुखणे व बाळंतपण बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेले असते. पण नोकरी सुटली की ती सुटते. माझ्या परिचयाच्या एका परिचारिकेने सतरा वर्षांची नोकरी सोडून दुसरीकडे रुजू होण्याचे ठरविले. मध्ये अवघे पंधरा दिवस होते. त्याच पंधरवड्यात पित्ताशयाची शस्त्रक्रिया करावी लागली. जुनी पॉलिसी संपलेली, नवी सुरू व्हायची होती. मुलीच्या कॉलेजप्रवेशासाठी साठवलेले पैसे त्यात गेले. म्हणून सांगते, लहानशी का होईना, स्वतःच्या नावाची एक पॉलिसी असावी. नोकरी सोडण्यापूर्वी सामुदायिक पॉलिसी देणाऱ्या कंपनीकडेच वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळेल का, हेही विचारता येते.

ही पॉलिसी प्रकृती चांगली असताना घ्यावी. कारण सुरुवातीचे तीस दिवस अपघाताखेरीज काही मिळत नाही, आणि जुन्या दुखण्यासाठी प्रतीक्षा करावी लागते. १ एप्रिल २०२४ पासून ही प्रतीक्षा फार तर तीन वर्षांची ठेवता येते. अर्जात मधुमेह, थायरॉइड, रुग्ण उचलून जडलेले कंबरेचे दुखणे, सगळे खरे लिहावे. एजंट 'हे लिहू नका' म्हणाला, तरी पुढे कंपनी नाकारील ती आपल्याला, एजंटाला नव्हे. पाच वर्षे अखंड पॉलिसी चालविल्यावर मात्र, लबाडी सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपविल्याच्या सबबीवर दावा नाकारता येत नाही.

आता एक हिशेब सांगते. समजा, तीन लाखांच्या पॉलिसीत खोलीभाडे रोज एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये, एवढेच मान्य आहे. आपण ६,००० रुपयांची खोली घेतली आणि चार दिवस राहिलो. भाडे २४,०००, डॉक्टर व शस्त्रक्रियेचा आकार ८०,०००, औषधे व तपासण्या ३६,०००, एकूण १,४०,०००. आपल्याला वाटते, भाड्यातले बारा हजारच पदरचे जातील. परंतु खोली दुप्पट दराची म्हणून डॉक्टर व शस्त्रक्रियेचा आकारही निम्माच धरला जातो. औषधे व तपासण्या पूर्ण मिळतात. म्हणजे कंपनी ८८,००० देते आणि ५२,००० आपल्या पदरचे जातात! म्हणून खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी, हप्ता थोडा जास्त असला तरी, बरी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील जीएसटी काढून टाकला आहे, तेवढाच आधार.

काही गोष्टी मात्र विम्याने होत नाहीत. कामात सुई टोचली तर बहुतेक पॉलिसी त्या तपासण्या व गोळ्यांचे पैसे देत नाहीत, कारण त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागत नाही. अशा वेळी लाज न बाळगता त्वरित वरिष्ठांना सांगावे व लेखी नोंद करवून घ्यावी. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. कावीळ-ब ची लस तर आधीच घेतलेली असावी. पुढे नुकसानभरपाई मागायची वेळ आली, तर तीच नोंद उपयोगी पडते.

घरातील वडीलधाऱ्यांचे काय? सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे कार्ड मिळते. सासूबाईंचे आणि आईचे कार्ड याच महिन्यात काढून घ्या.

शेवटी दोन लहान सूचना. पॉलिसी हाती आल्यावर तीस दिवसांत, न पटल्यास, परत करता येते. तेव्हा ती कपाटात ठेवण्यापूर्वी वाचावी. आणि कंपनीने अन्याय केला, लेखी तक्रारीलाही दाद दिली नाही, तर मुंबई-पुण्यास विमा लोकपालाचे कार्यालय आहे. तेथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

भगिनींनो, रुग्णाच्या उशाशी तापाचा तक्ता आपण न चुकता भरतो. त्याच शिस्तीने आपल्या पॉलिसीची मुदत घरच्या कॅलेंडरवर मांडून ठेवा आणि पॉलिसी कुठे ठेवली आहे ते घरात एकाला तरी सांगा. ज्यांना अर्ज वाचून घ्यायचा असेल, त्यांनी तो घेऊन खुशाल माझ्याकडे यावे.