टाकण्यातील जयणा



सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी व्याख्यानासाठी कचऱ्यासारखा विषय निवडला जावा, याचे काहींना नवल वाटेल. दान, तप आणि तीर्थ यांच्या चर्चेत उकिरड्याला स्थान कोठे, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु जैन आचारशास्त्राने टाकून देण्याच्या क्रियेलाही धर्माचरणात स्थान दिले आहे. साधु-साध्वींच्या पाच समित्यांमध्ये ईर्या, भाषा, एषणा आणि आदान-निक्षेप यांच्यानंतर येते ती उत्सर्ग समिती. तिलाच परिष्ठापनिका समिती असेही म्हणतात. जे टाकावयाचे ते निर्जीव, कोरडी भूमी पाहून, कोणत्याही जीवाला पीडा होणार नाही अशा रीतीने टाकावे, हा तिचा आशय. वस्तू हातातून सुटली म्हणजे जबाबदारी सुटली, असे तेथे मानलेले नाही.

समिती साधूंची म्हणून श्रावक मोकळा होत नाही. बारा व्रतांतील अनर्थदंड विरमण व्रत त्याला निष्प्रयोजन हिंसेपासून परावृत्त करते आणि प्रमादाचरण हा अनर्थदंडाचाच एक प्रकार मानला आहे. कचऱ्याने घडणारी बहुतेक हिंसा याच जातीची असते. तिच्यामागे द्वेष नसतो, लाभही नसतो. असते ती केवळ बेफिकिरी.

येवल्याची संक्रांत दूरवर प्रसिद्ध आहे. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गच्च्या फुललेल्या असतात, आसारीवरून दोरा सरसरत सुटतो. पतंगांचा उत्सव तीन दिवसांत संपतो. नायलॉनचा मांजा मात्र झाडांच्या फांद्यांवर आणि तारांवर लोंबतच राहतो. सुती दोरा उन्हापावसात कुजतो, नायलॉन सहजी कुजत नाही. त्यात अडकलेला पक्षी सुटण्यासाठी जितका धडपडतो, तितका फास घट्ट होतो. 11 जुलै 2017 रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने अशा मांजावर देशभर बंदीचा आदेश दिला. पारव्यांना नित्यनेमाने दाणे टाकणाऱ्या घराच्या गच्चीवरून हा मांजा सुटला, तर त्या दाण्यांचे पुण्य कोठे जमा होणार? सुती मांजालाही काचेची धार असते. म्हणून करीच्या दुसऱ्या दिवशी गच्ची, अंगण आणि गल्ली यांतील दोऱ्याचे गुंते गोळा करणे, हे जीवदयेचेच कार्य होय.

गोसेवेचीही हीच कथा. पोळीचे तुकडे आणि भाजीची देठे पिशवीत बांधून रस्त्यावर ठेवली जातात. गाय गाठ सोडू शकत नाही. ती पिशवीसह सारे गिळते. प्लास्टिक तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात साचते, अन्नाची वाट अडते आणि पोट भरलेले असूनही ती खंगत जाते. पांजरपोळास देणगी देणारा हात आणि पिशवी बांधणारा हात एकाच घरातला असू नये, एवढी अपेक्षा वावगी नाही. महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्यास 5,000 रुपये दंड ठरविला. परंतु दंडाच्या भयाने सोडलेली पिशवी आणि गाईच्या करुणेने सोडलेली पिशवी यांत अंतर आहे.

ओल्या कचऱ्याबाबत एक शंका प्रामाणिकपणे विचारली जाते. खतासाठी कचरा कुजविला तर त्यात जीवोत्पत्ती होणार; मग श्रावकाने ते करावे काय? शंका रास्त आहे. मात्र तोच कचरा गटारीत कुजला तरी जीवोत्पत्ती टळत नाही. उलट डास, माश्या आणि रोग वाढतात आणि पुढे फवारणीने पुन्हा हिंसा होते. म्हणून क्रम असा असावा: प्रथम कचरा निर्माणच न होऊ देणे, साली आणि देठे ताजी असतानाच पिशवीविना जनावरांच्या मुखी घालणे, आणि उरेल तेवढ्याचेच खत करणे. उष्टे न टाकता थाळी धुऊन पिण्याची परंपरा याच विचारातून आली आहे. उष्ट्या अन्नात 48 मिनिटांच्या एका मुहूर्तात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती मानणाऱ्या समाजाच्या स्वामीवात्सल्यात भरलेली ताटे टाकली जावीत, हे शोभत नाही.

व्यापाऱ्याचे उत्तरदायित्व अधिक मोठे आहे. पैठणीची पेढी असो, किराणा असो वा कांद्याची आडत, खोके, गोण्या आणि प्लास्टिकची वेष्टणे रोज निघतात. दुकान वाढवताना त्यांना काडी लावणे म्हणजे अग्निकाय आणि वायुकाय जीवांची विराधना, शिवाय शेजाऱ्याच्या श्वासात विष. कोरडे ठेवलेले पुठ्ठे भंगारवाला आनंदाने नेतो. भिजलेले मात्र कोणी घेत नाही. रेशीम रंगविल्यावर उरलेले पाणी उघड्या गटारीत सोडू नये. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी, कारण तिच्यात शिसे असते. फुटलेल्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, ती वेगळी गुंडाळून द्यावी. धार्मिक पत्रिकांवर तीर्थंकरांची चित्रे छापण्याचाही पुनर्विचार व्हावा. ती पत्रिका अखेर कचऱ्यात जाते आणि आशातनेचा दोष छापणाऱ्यालाही लागतो.

शेवटी स्मरण करावे ते कचरा उचलणाऱ्या हातांचे. 1993 साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि कचरावेचकांच्या श्रमाला प्रतिष्ठेची वाट मिळाली. पिशवीतील उघडे ब्लेड किंवा फुटकी काच ज्या हाताला चिरते, तो हातही पंचेंद्रिय जीवाचाच आहे. केंद्र शासनाच्या 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक अशी विभागणी घालून दिली. सिंधुदुर्गातील वेंगुर्ल्यासारख्या छोट्या नगरपरिषदेने घरोघरी वर्गीकरण रुजवून कचरा डेपोचे रूप पालटून दाखविले. वेंगुर्ल्याला जे साधले, ते येवल्याला असाध्य नाही.

संस्थेची पन्नास वर्षे दात्यांनी काय दिले, यावर मोजली जातील. पुढील पन्नास वर्षांत प्रत्येक घराने काय टाकले आणि कसे टाकले, याचाही हिशेब त्याच वहीत मांडला जावा. पर्युषणात क्षमायाचना करताना ज्या गाईने पिशवी गिळली आणि ज्या पक्ष्याचा पंख कापला गेला, त्यांचेही स्मरण व्हावे. आणि पुढच्या वर्षी त्याच चुकीसाठी पुन्हा क्षमा मागण्याची वेळ येऊ नये. जय जिनेंद्र!