हिमनदीच्या जागी जलाशय
स्वित्झर्लंडमधील आल्प्स पर्वतात ट्रिफ्ट ही हिमनदी, म्हणजे उतारावरून संथपणे सरकणारा बर्फाचा प्रचंड थर, इतकी मागे हटली की पूर्वी बर्फावरूनच पलीकडे जाणाऱ्या गिर्यारोहकांसाठी 2004 मध्ये झुलता पूल बांधावा लागला. पाणी धरून ठेवण्याचे जे काम हिमनदी विनामूल्य करीत असे, त्यातील काही वाटा आता धरणाने उचलावा, असा प्रस्ताव तेथे असून, सुमारे 177 मीटर उंचीच्या नियोजित भिंतीमागे साडेआठ कोटी घनमीटर पाणी मावेल. उन्हाळ्यात वितळलेले हे पाणी हिवाळ्यात, सौरवीज रोडावते तेव्हा, वीजनिर्मितीस उपयोगी पडेल; पुराला आवर मात्र जलाशयात पुरेशी मोकळी जागा राखली तरच बसेल. बर्फाखालून नुकतेच उघडे पडलेले खोरे पुन्हा पाण्याखाली जाईल, हा निसर्गरक्षकांचा आक्षेपही क्षुल्लक नव्हे.