पट आणि पडद्याआडचा खेळाडू

इसवी सन १७७० मध्यें व्हिएन्ना येथें, सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या दरबारांत, वोल्फगांग फॉन केंपेलेन नांवाच्या गृहस्थानें एक विलक्षण यंत्र मांडलें. एका मोठ्या पेटीमागें तुर्की पोषाख केलेला पुतळा बसला होता; पेटीवर बुद्धिबळाचा पट होता; आणि हा पुतळा आपल्या हातानें मोहरे हलवून भल्याभल्यांस मात देई. खेळापूर्वीं पेटीचीं दारें उघडून आंतलीं चक्रें दाखवीत, आणि पाहणारा थक्क होई. पुढें उघड झालें कीं, चक्रें ही केवळ बतावणी होती. पेटीच्या पोटांत एक निष्णात खेळाडू दडून बसत असे. १८५४ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें लागलेल्या आगींत तें यंत्र भस्मसात् झालें.

श्रोतेहो, त्या पेटीची आठवण आज काढण्याचें कारण असें कीं, संगणकावरील बुद्धिबळाची रचनाही अशीच दुहेरी असते. पट, मोहरे, घड्याळ आणि खेळ्यांची नोंद हें सर्व डोळ्यांसमोर मांडणारा प्रोग्रॅम एक, आणि खेळी शोधून काढणारा प्रोग्रॅम दुसरा. या दुसऱ्यास 'इंजिन' असें म्हणतात. केंपेलेनच्या पेटींत जो मनुष्य बसे, त्याच्या जागीं हें इंजिन आलें आहे. तेव्हां प्रश्न असा उभा राहतो कीं, हा खेळाडू पेटींत कोणी बसवावयाचा? आणि तो तेथें नसेल, तर त्याला कोठें शोधावयाचें? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु ज्या मुक्त-स्रोत प्रोग्रॅमांचा मूळ मजकूर कोणासही वाचण्यास, सुधारण्यास व वांटण्यास मोकळा असतो, त्यांच्या बाबतींत तो चांगलाच बिकट होऊन बसला आहे.

पट व इंजिन यांची ही फारकत जुनी आहे. स्टुअर्ट क्रॅक्राफ्ट यानें १९८४ सालीं 'ग्नू चेस' या इंजिनाच्या कामास आरंभ केला. पुढें त्याला दर्शनी पट असावा म्हणून 'एक्सबोर्ड' निर्माण झाला, आणि या दोघांच्या बोलण्यांतून एक संकेतभाषा तयार झाली. २००० सालच्या नोव्हेंबरांत रुडोल्फ हूबर व स्टेफान मायर-काहलेन यांनीं 'यूसीआय' नांवाची दुसरी संकेतभाषा प्रसिद्ध केली. आज तीच सर्वत्र रूढ आहे. तिची रीत अगदीं सरळ आहे. पट 'यूसीआय' अशी हाक मारतो. इंजिन आपलें व आपल्या कर्त्याचें नांव सांगून 'यूसीआय-ओके' असें उत्तर देतें. पट झालेल्या खेळ्या सांगतो आणि 'गो' म्हणतो. इंजिन विचार करतें आणि 'बेस्टमूव्ह' या शब्दापुढें आपली खेळी कळवितें. या एका करारामुळें कोणताही पट कोणत्याही इंजिनाशीं संसार करूं शकतो.

परंतु बोलणी होण्यापूर्वीं गांठ पडावी लागते. सर्वांत साधा उपाय म्हणजे, इंजिनाची फाईल कोठें आहे हें वापरणाऱ्यानें स्वतः दाखवून देणें. जाणत्यास हें सोपें आहे. नवशिक्यास मात्र 'इंजिन' म्हणजे काय हेंच ठाऊक नसतें. म्हणून 'ग्नोम चेस'सारखा प्रोग्रॅम प्रसिद्ध इंजिनांची एक यादी आपल्यापाशीं बाळगतो, आणि संगणकाच्या ठराविक कप्प्यांत त्या नांवांचा शोध घेतो. या कप्प्यांच्या क्रमास 'पाथ' म्हणतात. येथेंही अडचण आहेच. डेबियन या लिनक्स-वितरणांत 'स्टॉकफिश' हें इंजिन खेळांच्या निराळ्या कप्प्यांत ठेवलेलें असतें. इतर कांहीं वितरणांत तेंच सर्वसाधारण कप्प्यांत सांपडतें. कोणी आपला पाथ बदलून बसला असेल, तर इंजिन घरांत असूनही पटाला तें दिसत नाहीं. शिवाय केवळ नांव जुळलें म्हणजे ओळख पटली असें नव्हे. म्हणून सुजाण पट सांपडलेल्या फाईलीस प्रथम 'यूसीआय' अशी हाक मारून पाहतो, आणि ठराविक वेळांत उत्तर आलें तरच तिला खेळाडू म्हणून मानतो. ही वेळेची मर्यादा नसेल, तर एखाद्या मुक्या फाईलीपुढें पट ताटकळत राहावयाचा.

दुसरा मार्ग म्हणजे इंजिन पटाबरोबर एकाच गांठोड्यांत बांधून देणें. 'लुकास चेस' या प्रोग्रॅमानें अनेक लहानमोठीं इंजिनें बरोबर देऊन हाच मार्ग पत्करला आहे. यांत नवख्याची सोय मोठी. पण खर्चही आहे. गांठोडें जड होतें, आणि बांधलेलें इंजिन लवकरच जुनें होतें. त्यांतून सर्व संगणक एका जातीचे नाहींत. नव्या प्रोसेसरासाठीं बांधलेलें वेगवान इंजिन जुन्या यंत्रावर चालविलें, तर तें अनोळखी आज्ञा आढळतांच बंद पडतें. आणि सर्वत्र चालेल असें द्यावें, तर तें मंद. २०२० सालीं स्टॉकफिशमध्यें न्यूरल नेटवर्काची भर पडली. त्यामुळें खेळ सुधारला, पण त्या जाळ्याचा बोजाही गांठोड्यांत आला.

कांहीं ठिकाणीं तर बांधून देण्यावांचून गत्यंतरच नाहीं. 'फ्लॅटपॅक'सारख्या पद्धतींत प्रत्येक प्रोग्रॅम जणूं बंद खोलींत राहतो. बाहेर बसविलेलें इंजिन त्याला दिसतच नाहीं. २०१९ सालीं आलेल्या अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून, तिच्यासाठीं बांधलेल्या ॲपला मागाहून उतरवून घेतलेली फाईल आपल्या कप्प्यांतून चालविण्याची मनाई झाली. हे निर्बंध निष्कारण नाहींत. इंजिन हा अखेर एक पूर्ण प्रोग्रॅम आहे. वापरणाऱ्यास जे अधिकार असतात, ते बहुधा त्यालाही मिळतात. खेळाडू म्हणून घरांत घेतलेला पाहुणा चोर निघाला, तर तो पटापाशींच बसून राहील असें नाहीं.

याहून नाजूक प्रश्न हक्काचा आहे. २००८ सालीं टोर्ड रोमस्टाड याच्या 'ग्लॉरुंग'वरून मार्को कोस्टाल्बा यानें स्टॉकफिश सुरू केलें, आणि पुढें अनेक स्वयंसेवकांनीं तें वाढविलें. तें विनामूल्य वांटण्यास, किंबहुना विकण्यासही मोकळीक आहे. अट इतकीच कीं, घेणाऱ्यास परवान्याची माहिती व मूळ मजकूर मिळाला पाहिजे. इंजिन निराळा प्रोग्रॅम म्हणून शेजारीं ठेवलें, तर पटाचा परवाना सहसा स्वतंत्र राहतो. दोहोंचा एकजीव करून वांटलें, तर ती अट सर्वांस लागू होते. 'चेसबेस' या जर्मन कंपनीविरुद्ध याच अटींवरून स्टॉकफिशच्या कर्त्यांनीं २०२१ सालीं म्यूनिक येथें दावा लावला. नोव्हेंबर २०२२ मध्यें तडजोड झाली. तदनुसार कंपनीनें स्टॉकफिश असलेले प्रोग्रॅम एक वर्ष न विकण्याचें मान्य केलें. सारांश, गांठोडें बांधणाऱ्यानें आंतल्या खेळाडूचें नांव झांकून चालत नाहीं.

आतां एक साधें चित्र डोळ्यांपुढें आणावें. एखाद्या शाळेस कोणी जुना संगणक भेट दिला आहे. तेथें इंटरनेट नाहीं. दहा वर्षांचा मुलगा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम उघडतो. पट दिसतो, मोहरे मांडलेले दिसतात, तो प्यादें दोन घरें पुढें सारतो, आणि समोरून कांहींच हालचाल होत नाहीं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास कारण ठाऊक आहे, मुलास नाहीं. तो इतकेंच समजतो कीं, हा खेळ मोडका आहे, किंवा आपल्याला तो जमत नाहीं. दुसरी समजूत अधिक वाईट. आणि दोष मुलाचा कीं यंत्राचा, हें सांगणारें तेथें कोणी नसतें.

म्हणून कर्त्यांनीं मध्यम मार्ग धरणें हिताचें. जुन्या यंत्रावरही चालेल असें एक साधें इंजिन बरोबर द्यावें; त्याच्या कर्त्यांचीं नांवें व परवाना ठळकपणें दाखवावा; अधिक बलवान इंजिन जोडण्याची वाट मोकळी ठेवावी; आणि इंजिन सांपडलें नाहीं, तर 'कोठें शोधलें व काय बसवावें' हें वापरणाऱ्याच्या भाषेंत स्पष्ट सांगावें. वापरणाऱ्यांनींही इंजिन त्याच्या कर्त्यांकडून किंवा आपल्या वितरणाच्या भांडारांतूनच घ्यावें. केंपेलेनच्या पेटींत बसून ज्यांनीं डाव जिंकले, त्यांचें नांव त्या वेळीं प्रेक्षकांस कळूं दिलें जात नसे. आज पेटींतला खेळाडू आपलें व आपल्या कर्त्याचें नांव पहिल्याच उत्तरांत सांगतो. तें वापरणाऱ्याच्या डोळ्यांपुढें आणणें, एवढें पटाचें काम आहे.