सवलत अर्ध्या मिनिटाची, तयारी वर्षभराची



मीरा-भाईंदरच्या भूमीला रणसंग्रामाची स्मृती आहे. चिमाजी आप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत उत्तनजवळच्या धारावी किल्ल्यासाठी मराठे निकराने झुंजले. त्याच भूमीतील तरुण आज सैन्यात जाऊ इच्छितो, तेव्हा त्याला १६०० मीटरची धाव जिंकावी लागते. या धावेचे निकष अलीकडे बदलले आहेत. हा बदल तरुणांनी आणि त्यांच्या पालकांनीही नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. प्रारंभी आधी मैदानी चाचणी आणि मागाहून लेखी परीक्षा, असा क्रम होता. २०२३ पासून तो उलटला. आधी संगणकावरील परीक्षा, नंतर मैदान. धावेसाठी ५ मिनिटे ४५ सेकंदांची मर्यादा होती. २०२५ च्या भरतीत ती ६ मिनिटे १५ सेकंदांपर्यंत वाढविण्यात आली.

यावर ‘मापदंड घसरला’ अशी हळहळ कोणी व्यक्त करतो, तर ‘आता सोपे झाले’ म्हणून कोणी निश्चिंत होतो. दोघांचेही गुणांच्या तक्त्याकडे लक्ष गेलेले नाही. साडेपाच मिनिटांत धावणाऱ्यास ६० गुण मिळतात. सव्वासहा मिनिटे घेणाऱ्यास केवळ २४. दहा पुल-अप्सना ४० गुण आहेत, सहांना १६. म्हणजे दोन्हींत जेमतेम उत्तीर्ण होणाऱ्याच्या पदरी शंभरांपैकी ४० गुण पडतात. अंतिम गुणवत्ता यादी लेखी आणि शारीरिक गुणांच्या बेरजेवर ठरते. दार थोडे अधिक उघडले आहे. आतील आसने मात्र पूर्वीइतकीच मोलाची आहेत.

खरा धोका वेगळाच आहे. परीक्षा आधी आल्यामुळे मुले महिनोन् महिने पुस्तकांत बुडतात आणि निकाल लागल्यावर बूट शोधतात. शरीर असे पंधरवड्यात घडत नाही. जून २०१४ मध्ये मुंबई पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवारांनी प्राण गमावले. त्यानंतर ते अंतर कमी करावे लागले. ती घरे आठवावीत. पुरेशा तयारीविना छातीवर घेतलेली धाव हे शौर्य नव्हे.

साडेपाच मिनिटांत १६०० मीटर म्हणजे चारशे मीटरची प्रत्येक फेरी साधारण ८२ सेकंदांत. हे साधण्यासाठी रोजचा सराव, पुरेशी झोप, सकस आहार आणि वैद्यकीय तपासणी हवी. हे एकट्या मुलाचे काम नव्हे. उत्तुंग इमारतींच्या या दाटीत मोकळी मैदाने मोजकीच उरली आहेत. ती राखणे आणि पहाटे तेथे आपल्या मुलामुलींना घेऊन जाणे हे समाजाचे कर्तव्य आहे. मुलींचाही उल्लेख हेतुपुरस्सर आहे. २०१९ पासून लष्करी पोलीस दलात शिपाई म्हणून त्यांचीही भरती होऊ लागली आहे.

शासनाने मर्यादा अर्ध्या मिनिटाने वाढविली. सीमेवरचा चढ मात्र तेवढाच उभा आहे आणि शत्रू कोणाला सवलत देत नाही. म्हणून तरुणांनी सव्वासहा मिनिटांचा निकष केवळ कागदावर राहू द्यावा. मनगटावरील घड्याळ साडेपाचलाच लावावे.