संगतीवांचून शास्त्र नाहीं

विज्ञानांतील संशोधन म्हटलें कीं यंत्रांनीं भरलेली प्रयोगशाळा डोळ्यांपुढें उभी राहते. सैद्धांतिक पदार्थविज्ञानाला मात्र कागद, पेन्सिल आणि फळा एवढी सामग्री बहुधा पुरते. मग हें शास्त्र साताऱ्यास किंवा सांगलीस बसून कां वाढूं नये? सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाची परंपरा तर १९१९ सालापासूनची आहे. उणीव साधनांची नाहीं. उणीव आहे ती संगतीची.

ही उणीव अब्दुस सलाम यांनीं स्वतः भोगिली. १९५१ सालीं ते केंब्रिजहून लाहोरास अध्यापक म्हणून परतले. तेथें त्यांच्या विषयावर बोलावयास कोणी नव्हतें. १९५४ सालीं त्यांस पुन्हां केंब्रिजची वाट धरावी लागली. विद्या राखावी तर मायदेश सुटतो, हा पेंच इतरांस पडूं नये म्हणून त्यांनीं १९६४ सालीं इटलींतील ट्रिएस्ट येथें आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्र स्थापिलें. गरीब देशांतील अध्यापकानें तेथें कांहीं काळ राहावें आणि नव्या विचारांची शिदोरी घेऊन घरीं परतावें, अशी त्यांची योजना.

२०१९ सालीं या केंद्राचें संचालकपद अतीश दाभोलकर यांजकडे आलें. त्यांचा जन्म गडहिंग्लजचा, घराणें साताऱ्याचें. नरेंद्र दाभोलकर हे त्यांचे चुलते. अतीश यांचा विषय कृष्णविवरांचा. पुंजसिद्धांत म्हणतो कीं, माहिती समूळ नष्ट होत नाहीं. पत्र जाळलें तरी राख, धूर आणि प्रकाश यांचा कण न् कण तपासतां आला, तर मजकूर तत्त्वतः पुन्हां जुळवितां यावा. पण पत्र कृष्णविवरांत पडलें तर? कृष्णविवर मंद उष्णता बाहेर टाकीत झिजतें, असें १९७४ सालीं हॉकिंग यांनीं दाखविलें. त्या उष्णतेंत मजकुराचा मागमूस दिसेना. त्यापूर्वींच बेकेन्स्टाईन यांनीं सुचविलें होतें कीं, आंत दडलेल्या माहितीचें माप पृष्ठभागाच्या क्षेत्रफळांत सांपडतें. कांहीं आदर्श कृष्णविवरांपुरतें हें माप अचूक मोजण्याचें काम दाभोलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलें. २०१२ सालीं समीर मूर्ती व डॉन झागिये यांजसह लिहिलेल्या प्रबंधांत त्यांस उपयोगीं पडलीं तीं रामानुजनांनीं १९२० सालीं हार्डींस पत्रानें कळविलेल्या फलनांच्या कुळांतील फलनें. एका पत्राची संगत ब्याण्णव वर्षांनीं फळास आली!

अतीश यांचे वडील श्रीपाद दाभोलकर गणिताचे अध्यापक. त्यांनीं ‘प्रयोग परिवार’ चालविला. शेतकऱ्यानें आपल्या वाफ्यांत प्रयोग करावा, नोंद ठेवावी आणि यश-अपयश दोन्ही इतरांस कळवावें, एवढाच त्याचा नियम. सांगली जिल्ह्यांतील तासगांवच्या द्राक्षबागाइतदारांतहि ही रीत रुजली. वडिलांचें शेत आणि मुलाचा फळा यांचें शास्त्र वेगळें, पण रीत एकच.

२०२३ सालीं भारत सरकारनें ६,००३ कोटी रुपयांचें राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केलें. त्याचीं चार मुख्य केंद्रें बंगळूर, मद्रास, मुंबई व दिल्ली येथील संस्थांत आहेत, आणि यंत्रें तेथेंच असावींत हें रास्तच. परंतु ताजे प्रबंध आतां संगणकावर फुकट वाचावयास मिळतात. साताऱ्याचे दोन आणि सांगलीचे दोन अध्यापक दर शनिवारीं एका फळ्यापुढें बसले, आपलें अडलें कोठें तें निःसंकोच सांगूं लागले, तर त्यास सरकारी मंजुरी लागत नाहीं. तासगांवच्या बागाइतदारांनीं ती कोणापाशीं मागितली होती?