छिन्नमनस्कता आणि घरची माणसे



शेजारी आपल्यावर विषप्रयोग करणार, असे घरातील तरुण मुलगा ठामपणे सांगू लागला, की घरचे त्याच्याशी वाद घालतात. तो वाद व्यर्थ होय. त्याला ऐकू येणारे आवाज त्याच्यापुरते खरेच असतात. ‘तुला भीती वाटते आहे, हे कळते,’ एवढेच म्हणावे आणि त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. देवऋषी, गंडेदोरे यांत महिने गेले, की सुधारणा अवघड होते.

१९५२ पासून या विकारावर औषधे आहेत. परंतु बरे वाटताच ती परस्पर बंद केली, तर आजार बहुधा उलटतो. घरातील सततच्या टोचणीनेही तो उलटतो, असे संशोधनात आढळले आहे. आई बोलते ती काळजीपोटी, हे खरेच. तिलाही आधार हवा असतो.

रुग्णास साखळदंडाने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई आहे. येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय मनोरुग्णालये आहेत. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन झाली. तेथे रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसतात. पाहुण्यारावळ्यांपासून वर्षानुवर्षे लपविलेली गोष्ट अशा बैठकीत प्रथमच मोकळेपणाने बोलली जाते.